एका विद्यापीठाचे दोन पत्ते

अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या विद्यापीठाला इंटरनेटवर दोन पत्ते असतात. एक डॉट ईडीयू. तिथे आपण अर्ज भरतो, फी भरतो, थीसिसचा फॉरमॅट शोधतो, आणि व्हिसाच्या कागदांसाठी नेमकी कुणाला मेल करायची हे न कळताच परत येतो. दुसरा पत्ता बहुधा डॉट कॉम असतो. अलाबामाचा रोल टाइड डॉट कॉम, मिशिगनचा एम गो ब्लू डॉट कॉम, ड्यूकचा गो ड्यूक डॉट कॉम. हा खेळ विभागाचा पत्ता. विद्यापीठ तेच, रंग तेच. पण पहिल्या पत्त्यावर गेलं की आपण एका कचेरीच्या खिडकीसमोर उभे आहोत असं वाटतं, आणि दुसऱ्यावर गेलं की कुणीतरी आपलीच वाट बघत होतं असं.

ही दुसरी साइट आणि तिच्याभोवतीची इन्स्टाग्राम, एक्स, टिकटॉक, यूट्यूबवरची अकाउंट्स आपण रोज बघतो, शेअर करतो, स्टेटसला ठेवतो. पण त्यांची समीक्षा करत नाही. सिनेमाची करतो, वेब सीरिजची करतो, अगदी बिस्किटाच्या जाहिरातीचीही करतो. कॉलेजच्या खेळांच्या जाहिरातीला मात्र आपण जाहिरात म्हणतच नाही, कारण ती विद्यापीठाच्या नावाने येते. म्हणून तिच्याकडे जरा नीट बघू या. माझं म्हणणं आधीच सांगते. हे काम कौशल्याचं आहे, विद्यापीठाच्या बाकीच्या बहुतेक लेखनापेक्षा सरस आहे. ते आपल्याला सतत सांगतं की आपण सगळे एक कुटुंब आहोत. पण या कुटुंबाचा जमाखर्च ते कधी दाखवत नाही, आणि तो जमाखर्च आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांनी बघायलाच हवा असा आहे.

आधी कौतुक

खेळ विभागाच्या साइटवर 'रोस्टर' नावाचं पान असतं. संघातल्या प्रत्येकाचा फोटो, जर्सीचा नंबर, उंची, गाव, शाळा, कॉलेजचं कितवं वर्ष. पुरुषांच्या फुटबॉल संघात वजनही देतात. मुलींच्या संघांत ते बहुतेक ठिकाणी देत नाहीत, म्हणजे कुणीतरी त्यावर विचार केलेला आहे. सामना संपला की थोड्याच वेळात पूर्ण आकडेवारी आणि सामन्याचा वृत्तांत हजर. पूर्वी हे काम 'स्पोर्ट्स इन्फर्मेशन डायरेक्टर' करायचा. तो पत्रकारांसाठी दरवर्षी जाडजूड मीडिया गाइड छापायचा, आकडे फॅक्स करायचा. त्याचा वाचक पत्रकार होता. वेबसाइट आली, मग सोशल मीडिया आला, आणि मधल्या पत्रकाराची गरजच उरली नाही. विभाग थेट चाहत्याशी बोलायला लागला. आता त्याच कामाला व्हिडिओ एडिटर, डिझायनर, फोटोग्राफर असा ताफा लागतो, आणि त्यात तासावर काम करणारे विद्यार्थीही असतात.

तुमच्या लक्षात आलं असेल की या साइट्स एकमेकींच्या बहिणी वाटतात. त्याला कारण आहे. त्यातल्या शेकडो साइट्स साइडआर्म स्पोर्ट्स या एकाच कंपनीच्या यंत्रणेवर चालतात. सिरॅक्यूजमध्ये सुरू झालेली ही कंपनी २०१४ मध्ये लियरफील्डने विकत घेतली, आणि लियरफील्डचा मुख्य धंदा विद्यापीठांच्या खेळांचे जाहिरातहक्क विकण्याचा. म्हणजे पान बांधणारा आणि पानावरची जागा विकणारा एकाच घरातले. मग वेळापत्रकाशेजारी तिकिटं, रोस्टरशेजारी दुकान आणि सगळ्यात वर उठून दिसणारं देणगीचं बटण, ही मांडणी आपोआप आलेली नाही हे कळतं.

विद्यापीठं यात एवढी गुंततात कशाला? हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या डग चुंग यांचा २०१३ मधला एक अभ्यास आहे. त्याच्या शीर्षकातच कॉलेजच्या खेळांच्या 'जाहिरात-परिणामाचा' उल्लेख येतो. फुटबॉलचा संघ साधारण दर्जावरून उत्तम दर्जाला गेला, तर विद्यापीठाकडे येणारे अर्ज लक्षणीय वाढतात असं त्यांनी मांडलं. तेवढीच वाढ दुसऱ्या मार्गाने हवी असेल तर फी ३.८ टक्क्यांनी कमी करावी लागेल, किंवा ५.१ टक्के जास्त पगाराचे, वरच्या दर्जाचे प्राध्यापक आणावे लागतील. पोस्टडॉक करणाऱ्या माणसाने हे वाक्य शांतपणे वाचणं सोपं नाही. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. डॉट कॉम ही डॉट ईडीयूची करमणूक शाखा आहे असं आपण समजतो. प्रत्यक्षात ती दर्शनी भिंत आहे, आणि वर्ग, लॅब, ग्रंथालय त्या भिंतीच्या मागे आहेत.

पहिला वाचक सतरा वर्षांचा

ही जाहिरात चाहत्यांसाठी असते असं वाटतं, पण तिचा सगळ्यात महत्त्वाचा वाचक हायस्कूलमध्ये असतो. त्याला आपल्याकडे ओढायचं असतं. एनसीएए ही कॉलेजच्या खेळांचं नियमन करणारी संस्था या ओढाओढीला वेसण घालायचा प्रयत्न बराच काळ करत आली. २००७ मध्ये तिने कोच लोकांना या मुलांना टेक्स्ट मेसेज करायलाच बंदी घातली, कारण मेसेजचा मारा चालला होता. पुढे एकेका खेळात ती उठली. २०१६ च्या ऑगस्टपासून कोचला अशा मुलाच्या पोस्टला लाइक द्यायला आणि ती पुढे शेअर करायला परवानगी मिळाली, पण खाली कॉमेंट लिहायला नाही. क्लिक चालेल, टाइप चालणार नाही! मोठमोठ्या पगारांचे कोच रात्री फोन घेऊन सोळा-सतरा वर्षांच्या पोरांच्या पोस्ट्सना लाइक देत बसतात, हे दृश्य त्या नियमाने अधिकृत केलं.

दुसरा नियम याहून मजेशीर. मुलाने लेखी सही करेपर्यंत विद्यापीठाने त्याच्याबद्दल जाहीर बोलायचं नाही. यावर तोड निघाली ती अशी. मुलगा कॅम्पस बघायला येतो. त्याला संघाची जर्सी घालून, दिवे-धूर लावून फोटो काढले जातात. त्यांची झकास ग्राफिक्स बनवून त्याच्या हातात दिली जातात. मग तो स्वतःच्या अकाउंटवरून ती टाकतो. विद्यापीठाला मुलाची जाहिरात करता येत नाही, म्हणून मुलगा विद्यापीठाची जाहिरात करतो. त्यासाठी त्याला काही द्यावं लागत नाही, आणि त्याला ती जाहिरात वाटतही नाही. त्याला तो आपला गौरव वाटतो. तो गौरव खोटा असतो असं मी म्हणत नाही. लहान गावातल्या मुलासाठी तो फोटो आयुष्यभराचा असू शकतो. पण एकाच फोटोत गौरव आणि फुकटचं काम दोन्ही बसतात, आणि या माध्यमाचं मुख्य तंत्र तेच आहे.

एका शब्दाची गोष्ट

या पानांवर खेळाडूला नुसतं खेळाडू म्हणत नाहीत. 'स्टुडंट-ॲथलीट' म्हणतात. कानाला छान लागतं, शिकतोय आणि खेळतोय. हा शब्द आला कुठून? १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या एका छोट्या कॉलेजचा फुटबॉल खेळाडू रे डेनिसन सामन्यात डोक्याला मार लागून गेला. त्याच्या पत्नीने कामगार म्हणून भरपाई मागितली. ती राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये नाकारली. खेळाडूला कामगार ठरवलं जाईल या भीतीपोटी त्या काळात एनसीएएने 'स्टुडंट-ॲथलीट' हा शब्द रूढ केला. हे विरोधकांचं म्हणणं नाही. १९५१ ते १९८७ एनसीएएचे प्रमुख असलेल्या वॉल्टर बायर्स यांनीच ते १९९५ मधल्या आपल्या पुस्तकात सांगितलं आहे.

तो शब्द पुढे पन्नासहून जास्त वर्षं टिकला. मग एड ओबॅनन या माजी बास्केटबॉल खेळाडूला व्हिडिओ गेममध्ये स्वतःसारखाच दिसणारा खेळाडू सापडला, आणि २००९ मध्ये तो कोर्टात गेला. २१ जून २०२१ ला ऑल्स्टन खटल्यात सुप्रीम कोर्टाने ९-० असा निकाल एनसीएएच्या विरोधात दिला. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपलं नाव, छबी आणि ओळख वापरून पैसे मिळवायला परवानगी मिळाली. यालाच एनआयएल म्हणतात. २०२४ मध्ये ईए स्पोर्ट्सचा कॉलेज फुटबॉलचा गेम परत आला, तेव्हा त्यात नाव देणाऱ्या खेळाडूंना प्रत्येकी ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत मिळाली. जून २०२५ मध्ये हाउस खटल्यातली तडजोड मंजूर झाली. जुन्या खेळाडूंना मिळून सुमारे २.८ अब्ज डॉलर भरपाई, आणि पुढे विद्यापीठांना खेळाडूंना थेट वाटा द्यायची मुभा. पहिल्या वर्षासाठी ही मर्यादा विद्यापीठामागे सुमारे २.०५ कोटी डॉलर ठरली.

एवढं सगळं झालं, तरी साइट उघडलीत तर शब्द तोच दिसेल. करार बदलले, पण जाहिरातीची भाषा बदललेली नाही.

फोनची दुसरी बाजू

इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजू मांडायला हवी, कारण याच माध्यमाने मुलींच्या खेळांसाठी जे केलं ते जुन्या वर्तमानपत्रांनी आणि टीव्हीने कधी केलं नव्हतं. मार्च २०२१ मध्ये ओरेगॉनची बास्केटबॉल खेळाडू सिडोना प्रिन्स हिने सॅन अँटोनिओहून एक छोटा व्हिडिओ टाकला. मुलांच्या स्पर्धेत भलीमोठी व्यायामशाळा, आणि मुलींना डंबेल्सचा एक लहानसा रॅक. एनसीएएने जागेची अडचण सांगितली होती. तिने कॅमेरा फिरवून मोकळी पडलेली जागा दाखवली. त्यानंतर बाहेरच्या तज्ज्ञांकडून चौकशी झाली. तोपर्यंत फक्त मुलांच्या स्पर्धेला वापरलं जाणारं 'मार्च मॅडनेस' हे नाव २०२२ पासून मुलींच्या स्पर्धेलाही मिळालं.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. ३० ऑगस्ट २०२३ ला नेब्रास्काने मुलींचा व्हॉलीबॉल सामना फुटबॉलच्या स्टेडियमात ठेवला आणि ९२,००३ लोक आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयोवाने केटलिन क्लार्कच्या संघाचा सराव सामना किनिक स्टेडियमात ठेवला, तिथे ५५,६४६. २०२४ मधला मुलींचा अंतिम सामना जवळपास १.९ कोटी लोकांनी टीव्हीवर बघितला, आणि मुलांचा दीड कोटींच्या आत राहिला. क्लार्कच्या लांबून मारलेल्या थ्रीजच्या क्लिप्स आधी फोनवर फिरल्या, मग लोक तिकिटांच्या रांगेत आले. विद्यापीठांच्या अकाउंट्सनी या क्लिप्स भराभर दिल्या हे त्यांचं श्रेय आहेच.

पण दोन प्रकारांतला फरक बघा. प्रिन्सचा व्हिडिओ एका खेळाडूने हातातल्या फोनवर काढला होता. त्याला संगीत नव्हतं, लोगो नव्हता. संस्थेला जे दाखवायचं नव्हतं तेच त्यात होतं. कुठल्याही अधिकृत अकाउंटवर तो आलाच नसता. या माध्यमाची ताकद म्हणून आपण जे सांगतो, त्यातला बराचसा भाग अधिकृत पानांच्या बाहेर घडला आहे.

पानावर काय नसतं

समीक्षकाने जे आहे त्याच्याइतकंच जे नाही तेही बघावं. हरलेल्या सामन्यानंतर बहुतेक अकाउंट्स अंतिम स्कोअरची एक पोस्ट टाकतात आणि गप्प बसतात. एवढं माफ आहे, हरल्यावर कोण ढोल वाजवणार? पण खेळाडू गेला की तोही असाच गप्प गायब होतो. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल सुरू झालं, २०२१ पासून बदली बरीच सोपी झाली. त्यामुळे गेल्या वर्षी ज्याच्या फोटोखाली 'कायमचं कुटुंब' लिहिलं होतं, तो या वर्षी शेजारच्या राज्यात वेगळ्या रंगाच्या जर्सीत, त्याच वाक्याखाली उभा असतो. आपल्याकडे घरातला मुलगा वेगळा राहायला गेला तरी भिंतीवरचा फोटो राहतो.

दुसरी गैरहजर गोष्ट म्हणजे पैसा. १९९४ च्या कायद्यानुसार विद्यापीठांना खेळांचे आकडे दरवर्षी केंद्रीय शिक्षण खात्याला द्यावे लागतात आणि ते कुणालाही बघता येतात. पण त्यासाठी सरकारी साइटवर जावं लागतं. प्रत्येक थ्रो, प्रत्येक टॅकलची आकडेवारी काही मिनिटांत देणाऱ्या साइटच्या दर्शनी पानावर हा एक तक्ता सापडत नाही. श्रीमंत परिषदांमधली मोजकी विद्यापीठं सोडली, तर खेळांचा मोठा खर्च विद्यापीठाच्या सर्वसाधारण निधीतून आणि विद्यार्थ्यांच्या फीमधून भागतो. अनेक ठिकाणी सेमिस्टरच्या बिलात खेळांसाठी वेगळी रक्कम असते. आपलं बिल एकदा वाचून बघा. 'तुमच्या पाठिंब्याबद्दल धन्यवाद' हे वाक्य कधी आपल्यालाही उद्देशून असतं, फक्त आपण तो पाठिंबा स्वतःहून दिलेला नसतो.

आणि या पानांवरची जागा कुणाला विकली गेली हेही बघायला हवं. कोलोरॅडो विद्यापीठाने २०२० मध्ये एका ऑनलाइन बेटिंग कंपनीशी करार केला. त्यात विद्यापीठाच्या कोडवरून नवा ग्राहक आला की विद्यापीठाला ३० डॉलर अशी तरतूद होती. लुइझियाना स्टेटने २०२१ मध्ये सीझर्सशी करार केला, आणि पुढे बेट लावायचं आमंत्रण देणारी मेल काही अशा विद्यार्थ्यांपर्यंत गेली ज्यांचं वय २१ सुद्धा नव्हतं, म्हणजे ज्यांना राज्याच्या कायद्याने बेट लावताच येत नव्हती. २०२२ मध्ये ही प्रकरणं न्यूयॉर्क टाइम्सने समोर आणली. २०२३ मध्ये जुगार उद्योगाच्या संघटनेनेच कॉलेजांशी असे करार करू नयेत असा नियम केला. म्हणजे हद्द आखायचं काम जुगारवाल्यांच्या संघटनेला करावं लागलं. डॉट ईडीयूचं नाव वापरून डॉट कॉमचा धंदा करायचा म्हटला की गाडी कुठवर जाते, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

आपण या फोटोत कुठे?

आता आपल्याकडे वळू. परदेशात आल्यावर पहिल्या काही महिन्यांत ज्या गोष्टी सहज मिळतात त्यांत विद्यापीठाची हुडी असते आणि स्टेडियममधली आरोळी असते. नियम कळायच्या आत आपण 'वी वन' म्हणायला लागतो. आई-बाबांना पहिला व्हिडिओ कॉल केला की मागे स्टेडियम असतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. एकटेपणात कुणी 'आपलं' म्हटलं तर बरं वाटतंच, आणि डॉट ईडीयूने इतक्या प्रेमाने कधी हाक मारलेली नसते.

पण त्याच मैदानावर आपल्यासारखाच एफ-१ व्हिसावर आलेला खेळाडू कसा उभा असतो ते बघा. टोरोंटोचा, सात फूट चार इंच उंचीचा झॅक एडी पर्ड्यूकडून खेळला. २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं तो देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला. पर्ड्यूच्या बास्केटबॉलचा चेहरा तोच होता. पण एफ-१ वर असल्यामुळे सहकाऱ्यांना मिळणारे बहुतेक एनआयएल करार अमेरिकेत राहून त्याला करता येत नव्हते. केंटकीचा ऑस्कर शिब्वे, मूळचा काँगोचा, २०२२ मध्ये संघ बहामासच्या दौऱ्यावर असताना तिथे जाहिरातीची कामं करून आला, कारण ती अमेरिकेच्या जमिनीवर करणं धोक्याचं होतं. कॅम्पसवर आठवड्याला २० तास, बाहेर परवानगीशिवाय काम नाही, सीपीटी, ओपीटी, हे आपल्यातल्या अनेकांना पाठ आहे. तोच नियम त्यांनाही लागू. पोस्टरवर चेहरा चालतो, मोबदला चालत नाही. विद्यापीठाच्या पोस्टमध्ये सगळे एका ओळीत, सारख्याच हसऱ्या चेहऱ्याने उभे असतात. व्हिसा, करार आणि पैसा यांनी त्या ओळीचे केलेले तुकडे फोटोत दिसत नाहीत.

म्हणून माझी तक्रार पोस्ट सुंदर असण्याबद्दल नाही. डिझायनरने काम चोख केलं आहे, त्यात कित्येकदा आपल्याच कुणा मास्टर्सच्या विद्यार्थ्याचे रात्रीचे तास गेलेले असतात. तक्रार ही आहे की विद्यापीठ नावाची संस्था वर्गात आपल्याला स्रोत तपासायला शिकवते, आकड्यांखालचं गृहीतक विचारायला लावते, आणि स्वतःबद्दल बोलताना मात्र दुसऱ्या पत्त्यावर जाऊन यातलं काहीच करत नाही. तिने करावं तरी काय? रोस्टरच्या शेजारी खर्चाच्या तक्त्याची एक लिंक द्यावी. सोडून गेलेल्या खेळाडूंची पानं सहज सापडतील अशी ठेवावीत. जाहिरातदाराची पोस्ट असेल तर तसं ठळक लिहावं. यातल्या कशालाही मोठं बजेट लागत नाही.

ते होईल तेव्हा होईल. तोवर सामने जरूर बघा, हुडी घाला, आणि शक्य असेल तर मुलींच्या व्हॉलीबॉलच्या, कुस्तीच्या, जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धांनाही जा. अनेक ठिकाणी तिकिटं स्वस्त असतात आणि खेळ अगदी जवळून दिसतो. पदवीनंतर देणगीची पहिली मेल येईल, 'तुम्ही या कुटुंबाचा भाग आहात' अशी. तिला उत्तर द्या, आणि त्यात एक साधा प्रश्न विचारा: मी शिकत असताना माझ्या फीमधले किती डॉलर खेळांवर गेले?